सरहद्दीवरचा न्याय

जॉन फोर्ड यांच्या १९६० सालच्या ‘सार्जंट रटलेज’ या चित्रपटात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील एक कृष्णवर्णीय सैनिक लष्करी न्यायालयापुढे उभा आहे. गोऱ्या मुलीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे, आणि त्याचा वर्ण हाच अनेकांच्या लेखी पुरावा ठरला आहे. अखेर तो निर्दोष सुटतो. चंदिगढच्या प्रेक्षकाला ही कथा सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. त्याच पश्चिमेत पंजाबी माणूसही आरोपी ठरला होता. फक्त त्याची सुटका इतकी सुखासुखी झाली नाही.

४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी शेकडो गोऱ्यांचा जमाव लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या हिंदी मजुरांच्या बिऱ्हाडांवर चालून गेला. हे लोक मजुरीचे दर पाडतात, हा त्यांच्यावरील आळ. मारहाण झाली, चीजवस्तू लुटली गेली, आणि थोड्याच दिवसांत सारे हिंदी मजूर गाव सोडून गेले. शिक्षा मात्र एकालाही झाली नाही. त्यांतले बहुतेक शीख. पण जमावाच्या लेखी सगळेच ‘हिंदू’. द्वेषाने सर्वांना एकच नाव दिले, आणि त्या नावाखाली जमलेल्यांना आपण एकाच देशाचे आहोत याची जाणीव झाली, हा इतिहासाचा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे.

१९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला तो याच भूमीत. सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्याबरोबर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यात होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले आणि तेही त्यात मिळाले. १९१४ च्या अखेरीस ते कर्तारसिंग सराभा यांच्यासह मायदेशी परतले. पिंगळे मीरतच्या छावणीत बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात दोघेही फासावर गेले. सराभा तेव्हा १९ वर्षांचे होते.

दुसऱ्या एका पंजाब्याने मात्र न्यायालयाची वाट धरली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांनी उच्चवर्णीय आर्य म्हणजे गोराच, असे सांगून नागरिकत्व मागितले. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. निकाल अन्यायाचा खराच. पण भेदाची शिडी मोडा असे न म्हणता, तिच्या वरच्या पायरीवर आम्हांला बसवा, हे मागणेही आपल्याला ओशाळे करते.

हिंदी लोकांना नागरिकत्व खुले झाले ते १९४६ च्या कायद्याने. त्यानंतर दहा वर्षांनी अमृतसर जिल्ह्यात जन्मलेले दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. गणितात डॉक्टरेट मिळवूनही त्यांनी कित्येक वर्षे शेतीवरच पोट भरले होते.