दाबपट्टीची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) जालना रस्त्यावरील ज्या क्रांती चौकात आज शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती वाहनांचा ओघ अखंड चालतो, त्या जागेला पूर्वी काळा चबुतरा म्हणत. आणि १८५७ च्या जून महिन्यात निजामाच्या कंटिंजंट फौजेतील ज्या घोडेस्वारांनी इंग्रजी अंमल झुगारला, त्यांपैकी अनेकांना, जनरल वुडबर्नच्या फौजेने उठाव मोडल्यावर, येथेच देहान्त शासन झाले. त्या काळच्या लष्करी शल्यवैद्यापाशी रक्तस्राव थोपविण्याची मुख्य साधने होती ती फ्रेंच शल्यविशारद पेती याने १७१८ च्या सुमारास सिद्ध केलेला मळसूत्री आवळबंध आणि धमनी बांधण्याचा दोरा. दोन्ही वैद्याच्याच हातची. तो येईपर्यंत जखमी शिपायाला आधार काय तो स्वतःच्या मुंडाशाचा.

बाहेरून दाब देऊन रक्त थोपवावे, ही कल्पना मात्र या साधनांहून फार प्राचीन. लोध्र, ज्येष्ठमध, गेरू आदींचे चूर्ण व्रणमुखावर पसरावे, ते बोटाच्या अग्राने दाबावे आणि मग बंध घट्ट बांधावा, असा क्रम सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दिलेला आहे. तेथे बंधांचे चौदा प्रकार सांगून, मांडी, काख व मस्तक येथे तो गाढ असावा, डोळे व सांधे येथे शिथिल असावा, असा सूक्ष्म विवेकही केला आहे; आणि शिष्याने हे सारे आधी मनुष्याकृती पुतळ्याच्या अवयवांवर गिरवावे, असा दंडक घातला आहे. आधी बोटाचा दाब, मग त्या बोटाची जागा घेणारा बंध: माझ्या मते दाबपट्टीचे सारे कूळ एवढ्यातच आहे, पुढच्या शतकांनी केली ती त्या बोटाला मोकळे करण्याची तजवीज.

ही विद्या वैद्याच्या पेटीतून सामान्य माणसाच्या हाती दिली ती कील येथील फ्रीडरिश फॉन एस्मार्क या जर्मन शल्यविशारदाने. बांधण्याच्या रीतींची चित्रे छापलेला त्रिकोणी रुमाल त्याने १८६९ च्या सुमारास प्रचारात आणला, आणि १८८२ मध्ये प्रथमोपचाराची शाळा काढून तेथे शिंपी, सुतार, गृहिणी कोणीही यावे, अशी व्यवस्था केली. माझ्या लेखी हा माणूस थोर आहे, कारण धमनीतून उसळणारे रक्त वैद्याची वाट पाहत नाही, हे त्याने जाणले.

यानंतर शिपायाच्या अंगरख्यातच पट्टीची पुडी शिवून देण्याचा शिरस्ता पडला. परंतु त्या पट्टीने जखम झाकली जाई, हवा तेवढा दाब पडत नसे. १९८० च्या दशकात इस्रायली सैन्यात प्रथमोपचारक असलेल्या बर्नार्ड बार-नातान यांना दाबासाठी जवळचा दगड पट्टीवर ठेवून बांधण्याची रीत खटकली, आणि त्यांनी पट्टीतच प्लास्टिकची कमानीसारखी कडी बसविली. निर्जंतुक गादी जखमेवर ठेवायची, पट्टी अंगाभोवती एक वेढा देऊन त्या कडीत अडकवायची आणि उलट दिशेला ओढायची, की कडी खाली झुकते आणि गादी नेमक्या जागी दाबली जाते. मग उरलेले वेढे घट्ट घेऊन शेवटचे टोक खोचायचे. रक्त वरवर पाझरले तरी पहिली गादी उचलायची नाही, तिच्यावर दुसरी ठेवून दाब वाढवायचा.

रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला अशी पट्टी बांधण्यास लोक कचरत, ते चौकशीच्या धास्तीने. २०१६ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणाच्या नियमांना बंधनकारक बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले: त्यान्वये, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दावा वा खटला चालत नाही, आणि त्याने आपले नावगाव सांगावे अशी सक्तीही पोलीस करू शकत नाहीत.