नेटवर्क बूट (विकासफलकावरील) : दोषशोधन
लिनक्सचे कर्नल व मूळ फाइलप्रणाली फलकावरील फ्लॅश स्मृतीतून न घेता दुसऱ्या संगणकाकडून मागवून फलक चालू करण्याची पद्धती. प्रत्येक फेरबदलानंतर स्मृती नव्याने लिहावी लागत नसल्याने विकसनकाळी तिचे मोल फार आहे. यू-बूट हा आरंभक डीएचसीपीद्वारे पत्ता मिळवतो, टीएफटीपीने (आरएफसी १३५०, १९९२) कर्नल आणतो, आणि पुढे कर्नल एनएफएसवरून फाइलप्रणाली जोडतो. यांपैकी कोणता टप्पा अडला याचा निवाडा सीरियल कन्सोलवरील मजकूर वाचूनच करावा. तेथे ‘टी’ अक्षराची रांग लागली, तर मुदत उलटूनही उत्तर आले नाही असे समजावे. सर्व्हर बंद असणे किंवा ६९ क्रमांकाच्या पोर्टास फायरवॉलचा अटकाव असणे ही कारणे तर आहेतच, परंतु पत्ता वाटून देणाऱ्या राउटरलाच यू-बूट टीएफटीपीचा सर्व्हर मानून बसतो, हे कारण अधिक चकवणारे असल्यामुळे ‘सर्व्हरआयपी’ हे मूल्य डीएचसीपीनंतर पुन्हा तपासणे अगत्याचे आहे. कर्नल येऊनही फाइलप्रणाली न जुळल्यास सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स यादीत फलकाच्या पत्त्यास परवाना आहे काय ते पाहावे, आणि एनएफएसची आवृत्ती बूट-आर्ग्युमेंटांत स्पष्ट नमूद करावी. कारण जुने कर्नल दुसरी आवृत्ती मागतात व अलीकडील सर्व्हर ती नामंजूर करतात.