पॉइंट आहेत, पण खुर्ची नाही

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या अंबाजोगाईत क्रेडिट कार्ड विकत फिरणाऱ्या पोरांची भाषा बदललीय. आधी ते पेट्रोलवरची सूट सांगायचे. आता सांगतात, "सर, पॉइंट जमा होतात, विमानात बिझनेस क्लासमध्ये बसता येतं." आपल्याला साधी रेल्वे धरायची तर परळी नाहीतर घाटनांदूर गाठावं लागतं, आणि हा गडी बिझनेस क्लास विकतोय! पण हसून सोडून देण्यासारखा हा विषय राहिलेला नाही. मोंढ्यातल्या आडत्यापासून मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांपर्यंत कितीतरी जणांच्या पाकिटात असं कार्ड आहे. घरटी एखादं पोरगं पुण्यात, हैदराबादेत नाहीतर परदेशात आहे. म्हणून आज या पॉइंटांचा थोडा इतिहास. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

गोष्ट अमेरिकेतली. १९७८ पर्यंत तिथं विमानाचं भाडं सरकार ठरवायचं. त्या वर्षी कायदा करून ते बंधन काढायला सुरुवात झाली आणि कंपन्यांत भाड्याची मारामारी सुरू झाली. गिऱ्हाईक टिकवायचं कसं? १९७९ मध्ये टेक्सास इंटरनॅशनल नावाच्या छोट्या कंपनीने प्रवासाचे मैल मोजून बक्षीस द्यायची योजना काढली. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने तेच मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांच्याकडे तिकिटांच्या बुकिंगचा मोठा कॉम्प्युटर होता, त्यामुळे सारखा कोण फिरतो हे त्यांना कळत होतं.

यामागचं गणित आठवडी बाजारातल्या कोथिंबिरीचं आहे. संध्याकाळी उरलेली जुडी घरी नेऊन उपयोग नाही, म्हणून बाई ओळखीच्या गिऱ्हाईकाच्या पिशवीत ती फुकट टाकते. विमान उडालं की रिकामी खुर्ची गेलीच. ती नेहमीच्या माणसाला दिली तर कंपनीचं फारसं काही जात नाही आणि माणूस मात्र बांधला जातो. इथपर्यंत व्यवहार सरळ होता.

बिघडलं ते १९८७ मध्ये. अमेरिकन एअरलाइन्सने सिटी बँकेबरोबर कार्ड काढलं. आता पॉइंट मिळवायला विमानात बसायची गरजच उरली नाही. किराणा घ्या, पॉइंट. चप्पल घ्या, पॉइंट. विमान कंपनी हे पॉइंट बँकेला रोख पैसे घेऊन विकते आणि बँक ते आपल्याला वाटते. पॉइंट छापायला खर्च नाही, पुढच्या खुर्च्या मात्र तेवढ्याच. हा धंदा केवढा झाला त्याचं एकच उदाहरण देतो. २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आणली तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट योजना गहाण ठेवून कर्ज उभं केलं. त्या योजनेची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर धरली होती. तेव्हा त्या अख्ख्या कंपनीची शेअर बाजारातली किंमत त्याहून कितीतरी कमी होती! आता यात विमानांचा धंदा मुख्य की पॉइंटांचा, ते तुम्हीच सांगा.

आपल्याकडे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर चाळीस वर्षं सरकारी विमानसेवाच होती. पॉइंट वगैरे भानगड नव्हती. वरच्या वर्गाची खुर्ची मिळवायचा आपला देशी उपाय म्हणजे ओळख. खासदारांच्या लेटरहेडवर रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्यातून बर्थ मिळवलेल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. ५ मे १९९३ ला जेट एअरवेज उडाली आणि त्याच दशकात जेटची 'जेट प्रिव्हिलेज' आणि एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' रुजली. त्या वेळी जेटचं कार्ड खिशात असणं ही प्रतिष्ठा होती. औरंगाबादच्या चिकलठाण्याहून मुंबईला जाणारे उद्योजक ते कार्ड व्हिजिटिंग कार्डासारखं दाखवायचे.

मग मोडतोड सुरू झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला आणि लोकांनी जमवलेले 'किंग क्लब'चे पॉइंट हवेत विरले. जेटची कहाणी जास्त शिकण्यासारखी आहे. २०१४ मध्ये अबुधाबीच्या एतिहादने जेटच्या पॉइंट योजनेची स्वतंत्र कंपनी करून तिचा ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरला घेतला. पाच वर्षांनी, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री, जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. पण पॉइंटांची कंपनी जिवंत राहिली! तिने 'इंटरमाइल्स' असं नवं नाव घेतलं. पॉइंट खात्यावर दिसत होते, हॉटेल घ्या, खरेदी करा म्हणत होते. फक्त ज्या विमानातल्या खुर्चीसाठी ते जमवले, ते विमानच नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जेट अवसायनात काढायचा आदेश दिला, तेव्हा तो विषयच संपला.

त्याच महिन्यात, १२ नोव्हेंबरला, विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट एकास एक याप्रमाणे 'महाराजा क्लब'मध्ये वळवले. म्हणजे मोजणी तीच, पण त्या पॉइंटांत काय मिळणार हे आता नव्या दुकानाची पाटी सांगणार. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअर इंडियाने पॉइंट अंतरावर देण्याऐवजी खर्चावर द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी हे आठ-नऊ वर्षं आधीच केलं. लांब फिरणारा मागे पडला, महाग तिकीट घेणारा पुढे गेला.

बीड जिल्ह्यात मल्टिस्टेटमध्ये ज्यांच्या ठेवी अडकल्यात, त्यांना यातली मेख लगेच कळेल. तिथं निदान पावतीवर रुपयात आकडा असतो आणि कोर्टात दाखवता येतो. इथं देणेकरीच ठरवतो की आपल्या देण्याची किंमत आज किती.

आता प्रत्यक्ष खुर्चीचं बघू. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय ७२, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मुलगा कॅनडात. सहा वर्षं त्याने पॉइंट जमवले ते एवढ्यासाठीच, की आईला पाय लांब करून नेता यावं. (कंपनीचं नाव लिहीत नाही. थोड्याफार फरकाने पद्धत सगळ्यांची सारखीच.) त्याने स्वस्तातलं तिकीट काढलं आणि अपग्रेडसाठी फोन लावला. उत्तर आलं, या तिकिटावर अपग्रेड होत नाही. झालं असं की इकॉनॉमीच्या तिकिटातही दहा-बारा पोटजाती असतात. प्रत्येकीला एक इंग्रजी अक्षर. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचं अक्षर वेगळं, भाडं वेगळं आणि हक्कही वेगळे. सगळ्यात स्वस्त अक्षराला पॉइंट चालत नाहीत. मग त्याने फरक भरून वरच्या अक्षराचं तिकीट घेतलं. तेव्हा कळलं की प्रवासाचा दुसरा टप्पा भागीदार कंपनीच्या विमानात आहे, तिथं हे पॉइंट लागू नाहीत. पहिल्या टप्प्यासाठी नाव वेटिंगला लागलं. त्यासाठीही आईला 'नॉमिनी' म्हणून नोंदवावं लागलं, कारण पॉइंट मुलाचे आणि प्रवासी आई.

वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही. बिझनेस क्लासची खुर्ची आधी रोख गिऱ्हाईकासाठी राखतात. उरली तर हल्ली ईमेल पाठवून लिलाव करतात, बोली लावा म्हणून. मग इकॉनॉमीत जास्त तिकिटं विकली गेली असतील तर कार्डाच्या वरच्या पायरीवरच्या माणसांना उचलून पुढे बसवतात. या सगळ्यांतून राहिलं तर पॉइंटवाल्याचा नंबर. कॉम्प्युटर आता इतका हुशार झालाय की संध्याकाळची कोथिंबीर उरतच नाही. बाई मुंबईहून इकॉनॉमीतच गेल्या. उतरल्या तेव्हा पाय सुजले होते. फोनवर मला म्हणाल्या, "अरे, लाल डब्यातून रोज ये-जा करून नोकरी केली मी. त्याचं काही नाही. पोराने दोन महिने त्या फोनवर घालवले, त्याचं वाईट वाटतं."

देशातल्या देशात तर वेगळीच गंमत. पुढे वरचा वर्गच नसेल तर पॉइंट नेऊन घालणार कुठं? इंडिगोने २००६ पासून २०२४ पर्यंत ना बिझनेस क्लास ठेवला, ना स्वतःच्या पॉइंटांची योजना, आणि तरी देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी त्यांचेच. आपल्या शेजारच्या जिल्ह्याचं प्रकरण आठवतंय ना? २३ मार्च २०१७. उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांच्याकडे बिझनेस क्लासचं तिकीट होतं आणि पुणे-दिल्ली विमान होतं पूर्ण इकॉनॉमीचं. दिल्लीत उतरल्यावर त्यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं आणि कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंही. त्याचं समर्थन होऊच शकत नाही, तेव्हाही नव्हतं. कंपन्यांनी त्यांना विमानबंदी केली, ती ७ एप्रिलला उठली, आणि सप्टेंबरमध्ये देशात 'नो फ्लाय' यादीचे नियम आले. आरडाओरड्यात एक साधा प्रश्न मात्र बाजूला पडला: विकलेल्या वर्गाची खुर्ची विमानात नसेल तर प्रवाशाला काय मिळणार?

त्याचं उत्तर यायला सहा वर्षं लागली. १५ फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएचा नियम आहे: प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाचे ७५ टक्के परत. परदेशी प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. हा नियम फार लोकांना ठाऊक नाही, लक्षात ठेवा. पण तो खाली ढकलण्याचा आहे. पॉइंट भरून वर जायचं असेल आणि कंपनीने दार उघडलं नाही, तर त्याला हा नियम लागू होत नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या पॉइंट योजनांची माहिती मागवली होती. पॉइंटांची किंमत परस्पर कशी कमी करता, हाच त्यातला एक प्रश्न होता. आपल्याकडेही तो विचारायला हरकत नाही.

आणि रेल्वेला आपण कितीही नावं ठेवली तरी २००६ पासून तिच्याकडे अपग्रेडची योजना आहे. पूर्ण भाडं भरलेल्या स्लीपरवाल्याला चार्ट बनताना एसीत जागा शिल्लक असेल तर फुकट वर नेतात आणि त्याची सुटलेली बर्थ वेटिंगवाल्याला देतात. कार्ड नाही, पॉइंट नाही. आता ज्येष्ठांची सवलत मात्र याच रेल्वेने मार्च २०२० मध्ये काढून घेतली ती अजून परत दिलेली नाही. आम्हा पत्रकारांचीही तेव्हाच गेली, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.

कार्डवाला पोरगा दारात आला तर त्याला एवढंच विचारा: हे पॉइंट कुठल्या कंपनीच्या, कुठल्या अक्षराच्या तिकिटावर चालतात, किती दिवसांत संपतात, आणि घरच्या दुसऱ्या माणसासाठी वापरता येतात का. आमच्या गल्लीत आलेला "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून गेला, त्याला आता तीन आठवडे झाले.

तुमच्यापैकी कुणी खरोखर पॉइंटांवर खुर्ची बदलून घेतली असेल, तर मार्ग कुठला, किती आधी मागितली आणि वर रोख किती भरले ते कमेंटमध्ये लिहा. बाईंचं परतीचं तिकीट अजून काढायचंय.