हा एंडपॉइंट कुठल्या थ्रेडवर चालतो? एका जुन्या भांडणाचा इतिहास

मागच्या वर्षी प्रबंधातला एक अख्खा आलेख मला काढून टाकावा लागला. तीन आठवड्यांची मोजमापं होती त्यात. रिॲक्टिव्ह सर्व्हरवर मी दोन एंडपॉइंट ठेवले होते. एक डेटाबेसमधून अहवाल काढून देणारा, दुसरा फक्त 'मी चालू आहे' एवढंच सांगणारा. लोड वाढवला की हा दुसरा, ज्याला काही कामच नाही, तोसुद्धा सेकंद-सेकंद अडायचा. 'असले सर्व्हर अशा कामाला योग्य नाहीत' असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला होता. नंतर कळलं की सर्व्हर ठीक होता, गाढवपणा माझा होता. तो नेमका काय, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१९९३ च्या सुमारास सीजीआय आलं तेव्हा प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करायचा. काम झालं की प्रोसेस संपली. मग जावाचे सर्व्हलेट आले आणि प्रोसेसच्या जागी थ्रेड आला. १९९९ च्या सर्व्हलेट २.२ पासून वेब डॉट एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये तुम्ही लिहायचं की अमुक पत्ता अमुक क्लासकडे जाईल. एंडपॉइंट कॉन्फिगर करणं म्हणजे इतकंच. थ्रेडबद्दल त्यात अक्षर नसे, कारण प्रश्नच नव्हता. रिक्वेस्ट आली की पूलमधला एक थ्रेड तिला मिळणार आणि उत्तर जाईपर्यंत तो तिचाच.

त्याच १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एक साधा प्रश्न मांडला: एका यंत्रावर एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळता येऊ नयेत? 'सी-टेन-के' म्हणतात तो हाच. त्यातला एक हिशेब तुम्ही स्वतः करून बघा. एका थ्रेडच्या स्टॅकला २ एमबी धरा. ३२ बिटच्या यंत्रावर प्रोग्रामला १ जीबी आभासी मेमरी वापरता येते असं धरा. ५१२ थ्रेड झाले की जागा संपली! आणि यातले बहुतेक थ्रेड काहीच करत नसतात, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत उभे असतात.

उपाय माहीत होता: इव्हेंट लूप. एकच थ्रेड हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवतो, जिच्यावर काही आलं तिचं जरासं काम करतो आणि पुढे सरकतो. उडप्याच्या हॉटेलातला वेटर डोसा तयार होईपर्यंत भटारखान्याच्या दारात उभा राहत नाही, तसंच. २००४ मध्ये इगोर सिसोएव्ह यांचं एनजिनएक्स आणि २००९ मध्ये रायन डाल यांचं नोड याच कल्पनेवर उभं राहिलं. जावाच्या जगात २०११ मध्ये टिम फॉक्स यांनी व्हर्टेक्स सुरू केलं.

इथवरची गोष्ट कुठल्याही पुस्तकात सापडेल: थ्रेड जुने आणि जड, इव्हेंट नवे आणि हलके. मीही हेच गृहीत धरलं होतं. पण मूळ पेपर उघडलेत तर चित्र इतकं सरळ दिसत नाही.

लॉअर आणि नीडहॅम यांनी १९७८ मध्येच म्हटलं होतं की निरोपांवर चालणारी आणि प्रोसिजरवर चालणारी व्यवस्था ही एकमेकांची प्रतिबिंबं आहेत. एकीतला प्रोग्राम दुसरीत उतरवता येतो आणि नीट बांधल्या तर कामगिरीतही मुळातून फरक पडू नये. १९९६ मध्ये जॉन औस्टरहाउट यांनी एका भाषणात बहुतेक कामांसाठी थ्रेड ही वाईट कल्पना आहे असं सांगितलं. २००१ मध्ये बर्कलीच्या मॅट वेल्श, डेव्हिड कलर आणि एरिक ब्रूअर यांनी सेडा ही रचना मांडली: सर्व्हरचे टप्पे करा, टप्प्यांमध्ये रांगा ठेवा, त्यात इव्हेंट फिरवा. आणि २००३ मध्ये त्याच बर्कलीतून इव्हेंट ही वाईट कल्पना का आहे, असं शीर्षकातच सांगणारा पेपर आला. लेखक फॉन बेरेन, कॉन्डिट आणि... तेच एरिक ब्रूअर! दोष थ्रेड या कल्पनेत नसून त्या वेळच्या थ्रेडच्या अंमलबजावणीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षांत एकच माणूस दोन्ही बाजूंना दिसतो. हे दोन पेपर एकाच बैठकीत वाचा. कोणी काय मोजलं आणि कशाशी तुलना केली, एवढ्यावरच लक्ष ठेवा.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते मात्र वेल्श यांनी २०१० मध्ये सेडाकडे मागे वळून लिहिलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आज पुन्हा रचना केली तर कोडचे टप्पे आणि थ्रेडच्या सीमा मी वेगळ्या ठेवीन. म्हणजे कोड कुठे तुटतो हा एक प्रश्न आणि थ्रेड कुठे बदलतो हा दुसरा. माझी चूक नेमकी या दोहोंमध्ये होती.

रिॲक्टिव्ह सर्व्हरवर एंडपॉइंट कॉन्फिगर करताना पत्ता आणि कोड यांच्याबरोबर तिसरी गोष्ट ठरते: हे काम लूपवर चालेल की बाजूच्या वर्कर थ्रेडवर. व्हर्टेक्समध्ये साधा हँडलर लूपवर चालतो; अडवणारं काम असेल तर तुम्ही ते तसं जाहीर करायचं. मूळ सेटिंगमध्ये गाभ्यांच्या दुप्पट लूप आणि २० वर्कर थ्रेड असतात. व्हर्टेक्सवरच उभ्या असलेल्या क्वार्कसमध्ये हा निर्णय बराचसा मेथडच्या परत देण्याच्या प्रकारावरून होतो. साधी वस्तू परत दिलीत तर वर्कर, 'नंतर देईन' असं वचन देणारा प्रकार दिलात तर लूप.

मी वचन दिलं होतं. आतमध्ये मात्र जेडीबीसी होतं, जे उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून धरतं. सर्व्हरने सहीवर विश्वास ठेवला, अहवाल लूपवर बसवला, आणि त्या लूपवरच्या बाकीच्या सगळ्या जोडण्या मागे ताटकळल्या. बरं, इशारा तरी यावा? लूप २ सेकंदांहून जास्त अडला तरच लॉगमध्ये तक्रार येते. माझी क्वेरी दीड सेकंदाची!

अहवालाच्या मेथडवर ब्लॉकिंगचं अॅनोटेशन लावलं, एक ओळ, आणि दुसरा एंडपॉइंट काही मिलिसेकंदांवर आला.

गोष्ट इथेही थांबत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ बरोबर व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले: लाखोंनी तयार करा, अडले तरी खालचा खरा थ्रेड सहसा मोकळा होतो. २००३ च्या पेपरला हवे होते ते हलके थ्रेड वीस वर्षांनी मुख्य प्रवाहात आले म्हणा. क्वार्कसमध्ये त्यासाठीही वेगळं अॅनोटेशन आहे. म्हणजे आता एकाच एंडपॉइंटला तीन जागा.

मी मोजमापं पुन्हा घेतोय, तिन्ही जागांवर. प्रत्येक आलेखाखाली आता एक जादा ओळ असते: एंडपॉइंट कोणता, कुठल्या थ्रेडवर चालला, आणि ते मी लॉगमधलं थ्रेडचं नाव बघून तपासलं की नाही.