मुक्त स्रोत डेटाबेस : बदलांचे परीक्षण व दोषदुरुस्ती

ज्या डेटाबेस प्रणालींची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, वापरता व बदलता येते, अशा प्रणालींत सुचविलेल्या बदलांची जाहीर छाननी करून ते स्वीकारण्याची अथवा नाकारण्याची पद्धती. आज्ञावलीतील कोणत्या ओळी गाळावयाच्या व कोणत्या घालावयाच्या, हे नेमके दाखविणाऱ्या मजकुरास ‘पॅच’ म्हणतात. आज्ञावलीतील चुकीस ‘बग’ किंवा दोष अशी संज्ञा आहे. बँकांतील खाती, रुग्णांची नोंदपत्रे, परीक्षांचे निकाल इ. माहिती डेटाबेसमध्ये साठविलेली असते. त्यामुळे येथील सदोष दुरुस्तीने एखादा कार्यक्रम केवळ बंद पडत नाही, तर साठविलेली नोंदच कोणाच्या लक्षात न येता बिघडू शकते. दुरुस्तीचे परीक्षण हा या क्षेत्रात कळीचा प्रश्न ठरला, तो याच कारणाने. ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ ही या वर्गातील एक प्रमुख प्रणाली असून तिच्या घडणीत पुण्यातील विकासकांचा उल्लेखनीय वाटा आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिच्या इतिहासाच्या आधारे या पद्धतीचा विचार केला आहे. [→ संगणक].

या पद्धतीची कल्पना गावदप्तरातील फेरफार नोंदवहीवरून (गावनमुना सहा) करता येईल. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याच्या एखाद्या गावी खातेदार मृत्यू पावल्यास वारसांची नावे एकदम सात-बारावर चढत नाहीत. प्रथम फेरफार घातला जातो. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकती मागविल्या जातात. हरकत आल्यास तिचा निर्णय होतो आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सात-बारावर दिला जातो. जुने नाव पुसून न टाकता त्यास कंस केला जातो व त्यामुळे पूर्वीची स्थिती पुढेही वाचता येते. पॅचचा प्रवास बव्हंशी असाच असतो. भेद इतकाच, की फेरफार प्रमाणित करणाऱ्याचा अधिकार कायद्याने ठरलेला असतो, तर पॅच स्वीकारणाऱ्याचा अधिकार त्याच्या सहकाऱ्यांच्या विश्वासावर उभा असतो.

उगम : पोस्टग्रेस हा प्रकल्प मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सुरू झाला. त्याच विद्यापीठात १९७०–८० या दशकात सिद्ध झालेली ‘इन्ग्रेस’ ही प्रणाली त्याची पूर्वसूरी होय. ४.२ या आवृत्तीनंतर विद्यापीठाने प्रकल्प थांबविला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू व जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यास एसक्यूएल या प्रश्नभाषेची जोड दिली आणि ‘पोस्टग्रेस९५’ प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले व जानेवारी १९९७ मध्ये ६.० ही आवृत्ती प्रकाशित झाली. विद्यापीठाचा आश्रय सुटल्यावर प्रकल्प निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांकडे आला. त्याला मालक नव्हता व वादात अखेरचा शब्द सांगणारा एकटा अधिकारीही नव्हता. त्यामुळे प्रत्येक बदल कारणे देऊन इतरांस पटवावा लागे; ही गरजच पुढे प्रकल्पाची कार्यपद्धती बनली.

परीक्षणाची पद्धती : पॅच सादर करताना लेखकाने बदलाचा हेतू, विचारात घेतलेले पर्याय व चाचण्या देणे अपेक्षित असते. परीक्षक प्रथम पॅच चालू आज्ञावलीस लागू होतो की नाही हे पाहतो, नंतर चाचण्या चालवितो, मजकूर ओळीओळीने वाचतो आणि लेखकाने न कल्पिलेल्या परिस्थिती शोधतो. विशेषतः अनेक वापरकर्ते एकाच वेळी त्याच नोंदीवर काम करीत असता काय होईल, हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. आक्षेपांना उत्तर देत लेखक पॅचचे नवे पाठ सादर करतो. मोठ्या बदलाचे असे वीस-वीस पाठही होतात. अखेरीस मूळ आज्ञावलीत बदल नोंदविण्याचा हक्क असलेल्या मोजक्या ‘कमिटर’ मंडळींपैकी एक जण तो स्वतः तपासून समाविष्ट करतो. नोंदविलेला बदल सदोष आढळल्यास तो मागे घेण्यात कमीपणा मानला जात नाही. अँड्र्यू डन्स्टन यांनी २००४ मध्ये उभारलेल्या ‘बिल्डफार्म’ या योजनेमुळे प्रत्येक बदल निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर आपोआप तपासला जाऊ लागला.

पॅचांची संख्या वाढली, तशी ही अनौपचारिक व्यवस्था अपुरी पडू लागली. ८.३ या आवृत्तीसाठी आलेले मोठे पॅच २००७ मध्ये परीक्षणाअभावी तुंबले व तिचे प्रकाशन फेब्रुवारी २००८ पर्यंत लांबले. त्यावर उपाय म्हणून मार्च २००८ पासून ‘कमिटफेस्ट’ ही प्रथा पडली. वर्षातील ठराविक महिन्यांत नवे लेखन बाजूस ठेवून प्रलंबित पॅचांचे परीक्षण करावयाचे आणि प्रत्येकास ‘स्वीकृत’, ‘अभिप्रायासह परत’ किंवा ‘नाकारलेला’ असा निर्णय द्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. जो पॅच सादर करतो, त्याने तेवढ्याच तोलाच्या दुसऱ्याच्या पॅचचे परीक्षण करावे, असा तिचा संकेत आहे.

‘हॉट’ पद्धती : ८.३ या आवृत्तीतील एक महत्त्वाचा बदल ‘हीप-ओन्ली टपल’, संक्षेपाने ‘हॉट’, हा होय. तो एंटरप्राइजडीबी या कंपनीत काम करणारे पवन देवलासी यांनी इतर अनेकांच्या कल्पनांच्या साहाय्याने सिद्ध केला. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये नोंद बदलताना जुना पाठ लगेच पुसला जात नाही. सात-बारावरील कंसाप्रमाणे तो काही काळ राहतो व नवा पाठ वेगळा लिहिला जातो. पूर्वी अशा प्रत्येक नव्या पाठासाठी तक्त्याच्या सर्व सूचींत (इंडेक्स) नवी नोंद करावी लागे. सूचीत समाविष्ट असलेला कोणताही रकाना बदललेला नसेल आणि नवा पाठ त्याच पानावर मावत असेल, तर सूचीला हात न लावता जुन्या पाठावरून नव्याकडे जाणारी साखळी ठेवावी, हे हॉटचे तत्त्व. अनेक महिन्यांच्या चर्चेनंतर व पुनर्लेखनानंतर टॉम लेन यांनी २० सप्टेंबर २००७ रोजी हा बदल मूळ आज्ञावलीत नोंदविला. त्याची तत्त्वे व मर्यादा सांगणारे सविस्तर टिपण आज्ञावलीसोबतच ठेवण्यात आले.

२०१७ मधील दोष : देवलासी हे पुढे ‘वॉर्म’ नावाच्या एका नव्या पद्धतीवर काम करीत होते. सूचीतील एखादाच रकाना बदलला असता इतर सूचींतील लेखन टाळावे, असा तिचा हेतू होता. तिच्या कसून चाचण्या घेताना जानेवारी २०१७ च्या अखेरीस त्यांना काही नोंदी विसंगत आढळल्या. शोध घेता हा दोष वॉर्मचा नसून मूळ आज्ञावलीतच असल्याचे दिसून आले. तक्त्यातील व्यवहार न थांबविता नवी सूची तयार करता येते. त्या वेळी प्रत्येक चालू प्रक्रिया सूचीबद्ध रकान्यांची यादी आपल्या स्मृतीत बाळगते. ही यादी तयार होत असतानाच नव्या सूचीची वार्ता आली, तर जुनीच यादी कायम राहण्याचा संभव होता. मग त्या प्रक्रियेस रकाना सूचीबाहेरचा वाटे, ती हॉट पद्धतीने बदल करी आणि नव्या सूचीत योग्य नोंद पडत नसे. तक्त्यात नोंद आहे, परंतु सूचीवरून शोधल्यास ती सापडत नाही, अशी स्थिती उद्‌भवे. चुकीची सूचना मात्र कोठेच मिळत नसे.

नियोजित प्रकाशन ९ फेब्रुवारीस होते व त्यामुळे दुरुस्ती तत्काळ द्यावी की नाही, यावर मतभेद झाले. एका पक्षाचे म्हणणे असे, की दोष जुना व क्वचित घडणारा आहे. तो आणखी काही आठवडे राहिल्याने जेवढी हानी होईल, त्याहून अधिक हानी घाईने केलेल्या दुरुस्तीतून होऊ शकेल. माहिती बिघडविणारा दोष ज्ञात असता तो तसाच ठेवून नवे प्रकाशन करणे वापरकर्त्यांवर अन्यायाचे आहे, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन होते. दरम्यान अनेक पर्यायी पॅच तपासले गेले. यादी तयार होत असता सूची बदलल्याचे दिसल्यास यादी पुन्हा तयार करावी, हा मार्ग अखेर मान्य झाला आणि ९.२ ते ९.६ या त्या वेळी आधार मिळणाऱ्या पाचही शाखांत दुरुस्ती समाविष्ट करण्यात आली. आधी बिघडलेल्या सूची या दुरुस्तीने सुधारणाऱ्या नव्हत्या. म्हणून संशयित सूची नव्याने बांधाव्यात, असे प्रकाशनपत्रात स्पष्ट सांगण्यात आले. ज्या वॉर्म पद्धतीच्या चाचण्यांतून हा दोष उघड झाला, ती मात्र गुंतागुंतीच्या कारणावरून स्वीकारली गेली नाही.

पुण्यातील विकासकांचे इतर कार्य : एंटरप्राइजडीबी कंपनीचे विकासकेंद्र पुण्यात आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रकाशित झालेल्या ११ या आवृत्तीत त्या कंपनीतील विकासकांचे काम ठळकपणे आढळते. समान रीतीने विभागलेल्या तक्त्यांची विभागशः जोडणी (आशुतोष बापट), विभागशः एकत्रीकरण (जीवन चाळके) व हॅश पद्धतीचे विभाजन (अमूल सूळ) हे बदल तीत समाविष्ट झाले. विभागशः जोडणीस स्मृती व नियोजनाचा वेळ अधिक लागत असल्याने ती उपलब्ध करून देऊनही मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली. परीक्षणातील वाद पूर्ण स्वीकार वा पूर्ण नकार यांवरच संपतो असे नाही, हे यावरून दिसते.

दुरुस्तीविषयीचे दोन वाद : मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर यांनी एका मूलभूत गृहीताकडे लक्ष वेधले. माहिती तबकडीवर पक्की लिहिण्याची आज्ञा एकदा अयशस्वी झाली, तर ती पुन्हा देऊन यश मिळाल्यावर लेखन झाले असे प्रणाली मानीत असे. लिनक्समध्ये मात्र पहिल्या अपयशानंतर न लिहिलेली पाने लिहिलेली म्हणून गणली जाण्याचा संभव होता व दुसऱ्या वेळचे यश फसवे ठरे. दोष डेटाबेसचा की कार्यकारी प्रणालीचा, यावर दोन्ही बाजूंच्या जाणकारांत बराच वाद झाला. दोष कोणाचाही असला, तरी वापरकर्त्याची माहिती वाचली पाहिजे, या भूमिकेतून फेब्रुवारी २०१९ मधील प्रकाशनांत उपाय करण्यात आला. लेखनाचे अपयश आढळताच प्रणालीने काम थांबवावे व आपल्या रोजनाम्यावरून स्थिती पुन्हा उभी करावी, असे ठरले.

सप्टेंबर २०२१ मध्ये प्रकाशित झालेल्या १४ या आवृत्तीत, व्यवहार न थांबविता सूची बांधताना जुन्या पाठांची सफाई अडू नये, म्हणून एक सुधारणा केली होती. तिच्यामुळे सूचीतून नोंदी गळत असल्याचे पुढे उघडकीस आले. येथे नवी डागडुजी न करता ती सुधारणाच काढून टाकण्यात आली आणि १६ जून २०२२ रोजी नियमित वेळापत्रकाबाहेर १४.४ हे प्रकाशन करण्यात आले.

मूल्यमापन : आज्ञावली सर्वांस खुली असली की दोष आपोआप दिसतात, या समजुतीस वरील इतिहास दुजोरा देत नाही. २०१७ मधील दोष अनेक तज्ञांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे राहिला होता. परीक्षकांची उणीव हेही या पद्धतीचे जुने दुखणे आहे. पॅच लिहिणारे पुष्कळ, तर दुसऱ्याचा पॅच चिकाटीने वाचणारे थोडे असतात. परिणामी चांगले पॅचही एका कमिटफेस्टमधून दुसऱ्यात ढकलले जातात. या पद्धतीचे खरे बळ जतन केलेल्या कारणपरंपरेत आहे. दोष, त्यावरील हरकती, नाकारलेले पर्याय व अंतिम पाठ हे सर्व खुले राहत असल्याने २००७ मधील निर्णयामागील कारणे दहा वर्षांनी तपासता आली आणि त्याच निर्णयाच्या मूळ लेखकास आपल्या कामाशी निगडित उणीव सर्वांसमक्ष दाखविता आली. नोंद चुकणे पूर्णपणे टळत नाही. परंतु ती कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने बदलली हे वाचता येते, तोवर ती सुधारण्याचा मार्ग खुला राहतो.