साचलेल्या मिनिटांचा हिशेब

दिवाळी जवळ आली की रिठदसारख्या गावात घरोघरी पंचांग उघडले जाते. लक्ष्मीपूजनाची अमावास्या केव्हा लागते हे पाहून आपण पान मिटतो. पण त्या एका ओळीमागे शतकांची बेरीज उभी असते. ती बेरीज आकाशाशी जुळेनाशी झाली म्हणजे चूक कोठे शोधावी?

पंचांगकर्त्याची रीत अशी: आरंभीच्या दिवशी ग्रह जेथे होता तो आकडा, म्हणजे ‘क्षेपक’, घ्यावयाचा आणि त्यात गतीची भर घालीत जावयाचे. क्षेपक चुकला तर चूक तेवढीच राहते; गती चुकली तर ती वाढतच जाते. सूर्यसिद्धांताचे वर्ष 365 दिवस, 6 तास, 12 मिनिटे, 36 सेकंदांचे. खऱ्या नाक्षत्रवर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटे मोठे. साडेतीन मिनिटे ती काय! पण सव्वाचारशे वर्षांच्या आतच त्यांचा अख्खा दिवस होतो.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. सूर्य त्यांनी जुन्या सिद्धांताचाच ठेवला. चंद्र मात्र 9 कलांनी मागे घेतला. एवढ्याने तिथी सुमारे 18 मिनिटे सरकते. आरंभ दुरुस्त झाला, पण वर्षाचे जुने मान तसेच राहिले.

पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये पाश्चात्त्य वेधांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके दिली. 1865 पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. गती सुधारली, तोच नवा वाद उभा राहिला: राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा? छत्रे यांनी रेवतीची तारा धरली, तर व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेचा आधार घेतला. अंतर सुमारे चार अंशांचे. म्हणूनच टिळक पंचांगाची मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते आणि इतरांची 14 किंवा 15 ला. क्वचित अधिक महिना निराळा पडून दिवाळीतही महिन्याचे अंतर पडते. गणित दोघांचेही चोख. आरंभ तेवढा वेगळा!

संगणकावर यंत्राची प्रतिकृती चालविणाऱ्या अभियंत्यालाही हेच तपासावे लागते. बेरीज भलतीच आली, तर आरंभीचा आकडा कोणता, भर किती आणि मोजमाप कशाचे?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. ऋतूंचे वर्ष नाक्षत्रवर्षाहून सुमारे 20 मिनिटांनी लहान आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी सायन, म्हणजे ऋतूंशी बांधलेल्या, पंचांगाचा कैवार घेतला. 22 मार्च 1957 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेनेही ऋतूंचेच वर्ष धरले. सणांनी मात्र नक्षत्रांची वाट सोडली नाही. ती न सोडल्यास हजार वर्षांनी दिवाळी सरासरीने चौदा दिवस पुढे, थंडीकडे सरकलेली असेल. ही गणिताची चूक नव्हे. सण नक्षत्रांचा की ऋतूचा, हे आपण ठरवावयाचे आहे.