पायच्या दशांशांचे पाठांतर

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर म्हणजे पाय (३.१४१५९२६५३५…). या संख्येचे दशांश चिन्हानंतरचे अंक ओळीने मुखोद्गत करणे आणि पंचांसमोर न चुकता म्हणून दाखवणे, असे या पाठांतराचे स्वरूप आहे. पाय अपरिमेय असल्याचे योहान लँबर्ट यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. त्यामुळे तिचे दशांश संपत नाहीत आणि ठरावीक गट आवर्तनाने परतही येत नाही. ७६२ व्या स्थानापासून सलग सहा नऊ लागतात, तेवढीच एक खूण पाठ करणाऱ्यांना प्रिय आहे.

नाशिककरांना अंकांच्या नादाची वेगळी ओळख आहे. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी आयुष्यभर अंकांतले नियम शोधले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जावे, की फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. पायच्या अंकांत असा आधार कुणाला सापडलेला नाही, आणि त्यांचे पाठांतर अवघड होते ते याच कारणाने.

व्यवहाराला इतके अंक लागत नाहीत. आर्यभटांनी ३.१४१६ ही किंमत दिली. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सूक्ष्म गणितासाठी ३९२७/१२५० आणि स्थूल कामासाठी २२/७ सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आज ग्रहांकडे याने पाठवतानाही नासाचे शास्त्रज्ञ पंधरा दशांशांवर काम भागवतात. पुढचे हजारो अंक माणूस पाठ करतो ते स्मरणाची हद्द पाहण्यासाठी, आणि तो हेतू पुरेसा मानला पाहिजे.

भारतीयांचे या क्षेत्रातले स्थान मोठे आहे. राजन महादेवन यांनी ५ जुलै १९८१ रोजी मंगळूर येथे ३१,८११ अंक म्हटले. चीनच्या लू चाओ यांनी २००५ मध्ये ६७,८९० अंक सुमारे चोवीस तासांत म्हणून दाखवले. राजवीर मीणा यांनी २१ मार्च २०१५ रोजी वेल्लोर येथे डोळ्यांवर पट्टी बांधून ७०,००० अंक म्हटले आणि गिनीज विक्रम नोंदवला. त्याच वर्षी सुरेशकुमार शर्मा ७०,०३० अंकांपर्यंत गेले. जपानचे अकिरा हारागुची यांनी २००६ मध्ये एक लाख अंक म्हटले, मात्र गिनीजने त्यांना मान्यता दिलेली नाही.

बहुतेक जण अंकांना अक्षरे, चित्रे किंवा गोष्टी जोडतात. हारागुची यांनी अंकांना जपानी अक्षरे देऊन त्यांच्या लांबलचक कथा रचल्या. भारतात कटपयादी ही जुनी युक्ती आहे. क, ट, प, य म्हणजे १; ख, ठ, फ, र म्हणजे २; असे व्यंजनांना अंक देतात आणि स्वर मोकळे ठेवतात, त्यामुळे हवा तो शब्द बसवता येतो. ‘लाट, वाट, माझी रात’ एवढे लक्षात ठेवले की ३, १, ४, १, ५, ९, २, ६ हाती येतात. (जुन्या रीतीत अंक उजवीकडून वाचतात, इथे सोयीसाठी डावीकडून घेतले आहेत.) पायचे तीसहून अधिक अंक या पद्धतीने देणारा एक संस्कृत श्लोक भारती कृष्ण तीर्थ यांच्या ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ (१९६५) या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला. तो उत्तम रचलेला आहे, पण वेदांतला नाही.

वेदांचे पाठांतर वेगळ्याच पायावर उभे आहे, आणि नाशिकचा या विषयाशी खरा संबंध तिथे येतो. संहिता, पद आणि क्रम या पाठांनंतर जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ व घन अशा आठ विकृती, म्हणजे पदे उलटसुलट क्रमाने म्हणण्याच्या रीती, आहेत. दंडात पहिले व दुसरे पद म्हणून ते उलटे म्हणायचे; मग पुन्हा पहिल्यापासून १-२, २-३ आणि उलट ३-२-१; मग १-२, २-३, ३-४ आणि उलट ४-३-२-१. या हिशेबाने आठ पदांचा अर्धमंत्र एक्याण्णव पदांवर जातो. प्रत्येक जोडणीला संधी बदलतो, स्वरही बदलतात, आणि हे सारे पोथी न उघडता म्हणायचे. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नाशिक येथे वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केल्याचे सांगतात. त्यानंतर २०२५ मध्ये अहिल्यानगरचे एकोणीस वर्षांचे देवव्रत महेश रेखे यांनी काशीत ते पूर्ण केले. त्यात सुमारे दोन हजार मंत्र आहेत. वडील महेश रेखे हेच त्यांचे गुरू. ही घटना विक्रमांच्या यादीत मावणारी नाही, आणि तिचे मोल तिथे मोजूही नये.

दोन्ही पाठांतरांतला महत्त्वाचा फरक चुकीच्या वेळी दिसतो. विकृतिपाठात प्रत्येक पद दोन्ही शेजाऱ्यांसह सुलटे-उलटे येते, त्यामुळे एखादे गळले तर लगेच उघडे पडते. शिवाय गुरू समोर असतात आणि सहाध्यायी बरोबर म्हणत असतात. हजारो वर्षे पाठ टिकला तो या तपासणीच्या बळावर. पायच्या अंकांत एक सुटला तर पुढचे सगळे एका घराने सरकतात आणि क्रमात तसे सांगणारे काहीच नसते. म्हणून पंच छापील अंकांवर बोट ठेवून ऐकतात.

महाराष्ट्रातल्या घरांत तिन्हीसांजेला परवचा होत असे. पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली जात. हे अंक बाजारहाटाला लागत, त्यामुळे ते वापरातूनच पक्के होत. पायच्या दशांशांना असा रोजचा आधार नाही. उजळणी थांबली की ते निसटू लागतात. महादेवन यांच्यावर अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोग केले. अंकांसाठी असामान्य असलेली त्यांची स्मृती इतर प्रकारच्या गोष्टींत साधारणच निघाली.